शार्पी ते मिरर : घरबांधणीच्या उथळ होडीचा इतिहास

(१)

नौकानयनाच्या इतिहासात मोठ्या जहाजांना जे स्थान मिळाले आहे, ते लहान होड्यांच्या वाट्याला सहसा आलेले नाही. याचे कारण उघड आहे. मोठे जहाज राज्यसत्तेच्या अथवा व्यापारी कंपनीच्या आश्रयाने बांधले जाते आणि त्याचे आराखडे, हिशेब व पत्रव्यवहार दप्तरांत उरतात. लहान होडी मात्र कारागिराच्या डोळ्यात आणि हातात असते. ती कुजली म्हणजे तिचा पुरावाही तिच्याबरोबरच नाहीसा होतो. त्यामुळे लहान होड्यांचा अभ्यास हा पुष्कळ अंशी हरवलेल्या वस्तूंचा अभ्यास ठरतो.

या सामान्य नियमाला एक लक्षणीय अपवाद आहे. ज्याचा धंदा होडी बांधण्याचा नाही अशा मनुष्याने आपल्या घराच्या आवारात बांधावी, मोटारीमागे ट्रेलरवर घालून पाण्यापर्यंत न्यावी व गुडघाभर पाण्यातही चालवावी, अशी लाकडी शिडाची होडी विसाव्या शतकात हजारोंच्या संख्येने निर्माण झाली. तिचे आराखडे छापील आहेत व बांधणीच्या सूचनाही छापील आहेत. तथापि या होडीला आज दिसणारे रूप एकाएकी आलेले नाही. एका गरीब व्यवसायाची गरज, नियतकालिकांचा प्रसार, प्लायवुड व सरस यांतील सुधारणा आणि मोटारीचा रस्ता या चार भिन्न गोष्टींच्या संयोगातून ते घडले. हा संयोग कसा झाला आणि त्यात कौशल्य नावाच्या वस्तूचे नेमके काय झाले, हा प्रस्तुत निबंधाचा विषय आहे.

(२)

या कथेचा आरंभ अमेरिकेच्या कनेक्टिकट राज्यातील न्यू हेवन बंदरात, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास होतो. तेथील उथळ पाण्यात कालवे काढण्याचा धंदा मोठा होता. कालवे काढणारे लोक लांब दांड्यांच्या चिमट्यांनी तळाची कालवे उपसून होडीत भरीत. प्रारंभी या कामासाठी मोठी झाडे कोरून केलेल्या होड्या वापरीत. परंतु अशा होडीस लागणारे प्रचंड बुंधे दुर्मिळ होत गेले. त्यांच्या जागी जी फळ्यांची होडी आली तिला ‘शार्पी’ असे नाव पडले.

शार्पीची रचना पाहिली म्हणजे तिच्यामागचा हिशेब ध्यानात येतो. तिचा तळ सपाट असे व त्याच्या फळ्या लांबीच्या दिशेने न बसविता आडव्या ठोकीत. दोन्ही बाजू रुंद, सरळ फळ्यांच्या असून वरच्या अंगास बाहेर झुकलेल्या असत. जड व खोल कण्याऐवजी मधोमध एक वर-खाली होणारी फळी असे. ती वर घेतली की होडी अगदी थोड्या पाण्यात तरंगे. खाली सोडली की वाऱ्याच्या आडव्या दाबाला ती प्रतिकार करी आणि होडी कडेला वाहवत न जाता पुढे चाले. डोलकाठ्यांना ताणाचे दोर नसत. डोलकाठी रोवण्याच्या जागा तीन असत. एरवी दोन डोलकाठ्या वापरीत, आणि हिवाळ्यातील जोरदार वाऱ्यात मधल्या जागी एकच डोलकाठी उभी करीत. एका माणसाची शार्पी साधारणतः २६ ते २८ फूट लांब, तर दोघांची सुमारे ३५ फूट लांब असे.

येथे एका गोष्टीकडे विशेष लक्ष द्यावयास हवे. गोल तळाच्या होडीत प्रत्येक फळीला दोन दिशांनी वळण द्यावे लागते व प्रत्येक बाकाचा आकार निराळा काढावा लागतो. कोकणातील सुतार ज्यांना पठाण, नाळ व वाक म्हणतात, ते कणा, पुढचा उभार आणि बरगड्या हे घटक त्या होडीचा प्राण असतात. त्यांच्यासाठी नैसर्गिक वाकाचे लाकूड हुडकण्यापासून ते तासण्यापर्यंतचे ज्ञान वर्षानुवर्षांच्या उमेदवारीवाचून येत नाही. शार्पीत ही अडचण बरीचशी टळली आहे. तिच्या बाजूची फळी फक्त एकाच दिशेने वळते. भूमितीच्या भाषेत सांगावयाचे तर ते पृष्ठ वृत्तचितीसारखे अथवा शंकूसारखे असते. कागदाची गुंडाळी करावी त्याप्रमाणे सपाट वस्तू न ताणता, न आक्रसता तो आकार धारण करू शकते. घरबांधणीच्या होडीचा पुढील सारा इतिहास या एका भौमितिक गुणावर उभा आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

अमेरिकन नौकाइतिहासकार हॉवर्ड चॅपेल यांनी १९६१ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या प्रबंधात शार्पीच्या स्थलांतराचा मागोवा घेतला आहे. न्यू हेवनहून ही होडी चेसापीक उपसागर, उत्तर कॅरोलायना व फ्लोरिडा या प्रदेशांत पसरली. तिच्या प्रसाराची कारणे दोन : ती स्वस्त होती आणि ती बांधणे सोपे होते. परंतु सोपेपणाचा अर्थ बेफिकिरी असा नव्हे, हेही याच इतिहासातून दिसते. तळाचा बाक किती असावा, बाजू किती झुकाव्यात, नाळेचे खालचे टोक पाण्याच्या वर राहावे की आत बुडावे, या प्रमाणांवर शार्पीची चाल अवलंबून असे. बांधणी सोपी झाली म्हणून आकाराचा निर्णय सोपा झाला, असे मात्र नाही.

फ्लोरिडातील बिस्केन उपसागराच्या काठी स्थायिक झालेल्या राल्फ मन्रो यांची ‘इग्रेट’ ही होडी या दृष्टीने उद्बोधक आहे. १८८६ साली तयार झालेली ही होडी २८ फूट लांब व दोन्ही टोकांना निमुळती होती. तळ सपाट, पाणी थोडे, आणि तरीही किनाऱ्यावर फुटणाऱ्या लाटांतून ती सुखरूप आत येई. सपाट तळाची होडी म्हणजे केवळ खाडीत वापरण्याचा तराफा, हा समज तिने खोटा ठरविला. येथे शार्पी श्रमिकांच्या हातून प्रथमच हौशी नाविकाच्या हाती जाताना दिसते.

(३)

तथापि या वेळेपर्यंत शार्पी बांधण्याचे ज्ञान जागच्या जागीच होते. शेजारी बांधतो ते पाहून शिकावयाचे, हीच रीत होती. ते ज्ञान दूरच्या, अनोळखी मनुष्यापर्यंत पोचविण्याचे कार्य नियतकालिकांनी केले.

न्यूयॉर्कमधून निघणाऱ्या ‘द रडर’ या मासिकाचे संपादक टॉमस फ्लेमिंग डे यांनी हौशी वाचकांना स्वतः बांधता येतील अशा होड्यांचे आराखडे व सूचना देण्याचा उपक्रम चालविला. त्यांतील ‘सी बर्ड’ ही १९०१ सालची, सुमारे २५ फूट लांबीची होडी विशेष प्रसिद्ध झाली. तिचा तळ सपाट नव्हता. दोन सरळ बाजू मध्यभागी कोन करून मिळाव्यात तसा इंग्रजी ‘व्ही’ अक्षराच्या आकाराचा होता. बांधणीचे तत्त्व मात्र तेच, म्हणजे गोलाईऐवजी कंगोरा. १९११ साली डे यांनी दोन सोबत्यांसह याच होडीतून अटलांटिक महासागर ओलांडला व ते रोमपर्यंत गेले. पुढे हॅरी पिजन या छायाचित्रकाराने याच आराखड्याचे वाढविलेले रूप घेऊन लॉस एंजेलिसच्या बंदरात ‘आयलंडर’ ही ३४ फूट लांब होडी एकट्याने बांधली आणि १९२१ ते १९२५ या काळात तीतून पृथ्वीप्रदक्षिणा केली. पिजन हा पेशाने नौकाबांधणीकार नव्हता. छापील आराखड्यावरून सागरगामी होडी बांधता येते, याचा याहून बोलका पुरावा क्वचितच सापडेल.

या होड्या घरबांधणीच्या असल्या तरी पाण्यातच नांगरून ठेवावयाच्या होत्या. त्यामुळे मालक किनाऱ्याजवळ राहणारा असावा लागे. हे बंधन मोटारीने तोडले. फ्लोरिडातील शर्यतींच्या एका संघटनेत १९३१ साली अशी मागणी झाली की, मोटारीमागे ट्रेलरवरून नेता येईल अशा होडीचा एक वर्ग असावा. त्या वेळी ‘द रडर’चे संपादकपद विल्यम क्रॉस्बी यांच्याकडे होते. त्यांनी १५ फूट ६ इंच लांबीची, कंगोऱ्याच्या तळाची ‘स्नाइप’ ही होडी योजिली व त्याच वर्षीच्या जुलै महिन्याच्या अंकात तिचा आराखडा छापला. तिची पहिली प्रत बांधणारा मिसिसिपी राज्यातील १४ वर्षांचा मुलगा होता, ही गोष्ट स्नाइपच्या इतिहासात आवर्जून नोंदली गेली आहे.

ट्रेलरचे आगमन वरकरणी किरकोळ वाटते. वस्तुतः त्याने होडीचे शरीरच बदलले. पूर्वी होडीचा आकार वारा, लाट आणि माल यांनी ठरे. आता त्यांत रस्त्याची भर पडली. रुंदी रस्त्याच्या नियमात बसली पाहिजे. अमेरिकेतील बहुतेक राज्यांत ही मर्यादा पूर्वी ८ फूट होती, पुढे ८ फूट ६ इंच झाली. वजन मोटारीला ओढवले पाहिजे. डोलकाठी एका माणसाला आडवी करता आली पाहिजे. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, उतरत्या धक्क्यावरून ट्रेलर पाण्यात नेल्यावर होडी थोड्या पाण्यातच तरंगून सुटली पाहिजे. खोल, स्थिर कण्याच्या होडीला हे साधत नाही. कालवांच्या धंद्याने उथळ खाड्यांसाठी जी वर-खाली होणारी फळी स्वीकारली होती, तीच आता निराळ्या कारणासाठी अपरिहार्य ठरली. एका गरजेपोटी जन्मलेले साधन दुसऱ्याच गरजेच्या कामी यावे, असे भौतिक संस्कृतीच्या इतिहासात वारंवार घडते. त्याचे हे एक स्वच्छ उदाहरण होय.

(४)

तिसरा बदल द्रव्याचा. प्लायवुड म्हणजे लाकडाचे पातळ थर आडवे-उभे एकावर एक चिकटवून केलेला तक्ता. जुन्या प्लायवुडचा सरस पाण्याने सुटत असे, म्हणून होडीसाठी ते निरुपयोगी होते. १९३४ साली वॉशिंग्टन राज्यातील ॲबरडीन येथील एका कारखान्यात जेम्स नेव्हिन यांनी पूर्णतः जलरोधक सरस सिद्ध केला, आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळात जलरोधक प्लायवुड व कृत्रिम सरस यांचा वापर झपाट्याने वाढला. युद्धानंतर हे द्रव्य सामान्य ग्राहकाच्या आटोक्यात आले.

प्लायवुडचा तक्ता सामान्यतः ८ फूट लांब व ४ फूट रुंद असतो. तो एका दिशेने सहज वळतो. दोन दिशांनी एकाच वेळी वळविल्यास तडकतो. म्हणजे शार्पीच्या फळीचा जो गुण, तोच या तक्त्याचा स्वभाव होय. ८० वर्षांपूर्वी न्यू हेवनच्या होडीने जो आकार लाकडाच्या टंचाईतून स्वीकारला, त्या आकाराला अनुरूप असे द्रव्य आता कारखान्यातून बाहेर पडू लागले. लांब होडीसाठी दोन तक्त्यांच्या कडा जाडीच्या आठपट लांबीचा उतार देऊन तासावयाच्या व एकमेकींवर चिकटवावयाच्या, एवढे कौशल्य पुरेसे ठरले.

याचे परिणाम लगेच दिसू लागले. १९४७ साली फ्लोरिडातील क्लिअरवॉटर येथे क्लार्क मिल्स यांनी मुलांसाठी ‘ऑप्टिमिस्ट’ ही होडी योजिली. ती प्लायवुडच्या दोन तक्त्यांतून निघे. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये जॅक होल्ट यांची ‘कॅडेट’ आली. होल्ट यांचीच ‘एंटरप्राइज’ १९५६ साली ‘न्यूज क्रॉनिकल’ या दैनिकाच्या आश्रयाने पुढे आली. डेन्मार्कमध्ये कनूड ओल्सेन यांची ‘ओके’ १९५७ साली, तर इंग्लंडमध्ये पीटर मिल्न यांची ‘फायरबॉल’ १९६२ साली तयार झाली. घरच्या घरी प्लायवुडमधून बांधता यावी, ही या सर्वांमागची दृष्टी होती.

या होड्यांचा भारताशी असलेला संबंध येथे नोंदविणे अवश्य आहे. १९८२ सालच्या नवव्या आशियाई क्रीडास्पर्धा दिल्लीत भरल्या असल्या, तरी नौकानयनाच्या शर्यती मुंबईच्या पाण्यात झाल्या. त्यांत एंटरप्राइज, फायरबॉल व ओके या तिन्ही वर्गांचा समावेश होता. फायरबॉल वर्गाचे सुवर्णपदक फारोख तारापोर व झरीर करंजिया या भारतीय जोडीने मिळविले. घरबांधणीसाठी कल्पिलेला आकार अशा रीतीने एका खंडाच्या अधिकृत स्पर्धेपर्यंत पोचला.

(५)

या विकासाची परमावधी ‘मिरर’ या होडीत झाली. ब्रिटिश दूरचित्रवाणीवर घरगुती दुरुस्तीचे कार्यक्रम करणारे बॅरी बकनेल आणि जॅक होल्ट यांनी ‘डेली मिरर’ या दैनिकासाठी ही १० फूट १० इंच लांबीची होडी सिद्ध केली आणि १९६३ च्या जानेवारीत ती लंडनच्या नौकाप्रदर्शनात लोकांपुढे आली. कापलेल्या भागांच्या संचाची किंमत ६३ पौंड ११ शिलिंग होती. डोलकाठीचे दोन भाग होडीच्या लांबीतच मावत, त्यामुळे सारा पसारा मोटारीच्या टपावर अथवा लहान ट्रेलरवर जाई. आजवर ७०,००० हून अधिक मिरर होड्या तयार झाल्या आहेत.

मिररची बांधणी टाक्यांची आहे. प्लायवुडचे कापलेले भाग कडेला कड लावून ठेवावयाचे, कडांना भोके पाडून तांब्याच्या तारेचे टाके घालावयाचे, तारा पिळून भाग आवळावयाचे, आणि नंतर सांध्यावर काचतंतूंची पट्टी राळेने चिकटवावयाची. केन लिटलडाइक या शिक्षकाने लहान कयाकांसाठी वापरलेली ही युक्ती बकनेल यांनी मिररसाठी उचलली. आधी सांगाडा उभा करून मग त्यावर फळ्या चढविण्याचा क्रम यात उरला नाही. भाग एकमेकांस जोडले गेले म्हणजे आकार आपोआप उभा राहतो. कारण तो आकार भागांच्या कडांतच साठविलेला असतो.

टाक्यांची होडी म्हटल्यावर हिंदी महासागराच्या पश्चिम किनाऱ्यावरील प्राचीन शिवलेल्या नौकांची आठवण होणे स्वाभाविक आहे. त्या परंपरेचे अर्वाचीन उदाहरण गोव्यात घडले. अजिंठ्याच्या लेण्यातील पाचव्या शतकातील जहाजाच्या चित्रावरून कल्पिलेली ‘कौंडिण्य’ ही नौका तेथे काथ्याच्या दोरीने फळ्या शिवून बांधण्यात आली व मे २०२५ मध्ये कारवार येथे भारतीय नौदलात दाखल झाली. तथापि दोहोंतील साम्य शब्दापुरतेच आहे. शिवलेल्या नौकेत टाका हाच सांधा असतो. तो तुटला तर नौका उकलते. मिररमधील टाका हा केवळ तात्पुरता धारक आहे. राळ घट्ट झाल्यावर तार कापून टाकली तरी होडीस बाध येत नाही. एकीत शिवणाराचा हात हे बळाचे उगमस्थान आहे, तर दुसरीत रसायन. एकच क्रियापद दोन अगदी निराळ्या कारागिऱ्यांना लावले जाते, हे ध्यानात न ठेवल्यास परंपरेचे सातत्य नसलेल्या जागी ते असल्याचा भास होतो.

(६)

मिररनंतरचा इतिहास दोन दिशांनी गेला. मिशिगन राज्यातील बे सिटी येथे गूजन बंधूंनी १९६९ साली व्यवसाय उभारून लाकडासाठी इपॉक्सी राळेचा पद्धतशीर वापर रूढ केला. आधीची पॉलिएस्टर राळ लाकडाला तितकीशी घट्ट धरत नसे. ही उणीव दूर झाल्यावर टाक्यांची पद्धत मोठ्या होड्यांनाही लागू करता आली. दुसरीकडे मॅसॅच्युसेट्समधील ग्लॉस्टर येथील फिलिप बोल्जर (१९२७–२००९) यांनी शार्पीचा आकार पुन्हा केंद्रस्थानी आणला. त्यांच्या आराखड्यांत प्रत्येक भागाची मापे सपाट तक्त्यावरच दिलेली असत; जमिनीवर पूर्ण आकाराचे रेखाटन करण्याची अथवा साचा उभारण्याची गरज नसे. मेन राज्यातील हॅरल्ड पेसन यांनी १९७९ सालच्या ‘इन्स्टंट बोट्स’ या पुस्तकाद्वारे ही पद्धत लोकप्रिय केली. अशा रीतीने कालवेवाल्यांची शार्पी, तिचा धंदा लोपल्यानंतर, प्लायवुडच्या रूपाने हौशी मनुष्याच्या अंगणात परतली.

या ठिकाणी कौशल्याचा प्रश्न उपस्थित होतो. प्रत्येक टप्प्यावर होडी बांधणे अधिक सोपे झाले, हे निर्विवाद आहे. परंतु ज्ञान कमी झाले असे म्हणणे बरोबर होणार नाही. त्याने आपले स्थान बदलले. न्यू हेवनच्या कालवेवाल्याजवळ आकाराचे ज्ञान व बांधणीचे ज्ञान एकत्र होते. धंद्यात काही खटकले तर पुढची शार्पी तो थोडी निराळी बांधू शके. मासिकाच्या वाचकाजवळ बांधणीचे ज्ञान राहिले, आकाराचे संपादकाकडे गेले. मिररच्या ग्राहकाजवळ जुळणी उरली; आकार आराखडाकाराकडे, कापणी कारखान्याकडे आणि सांध्याचे बळ रसायनशाळेकडे गेले. शिवाय शर्यतींच्या नियमांनी आकार गोठविला. त्यात फरक करणे म्हणजे वर्गातून बाद होणे. म्हणून ‘घरी बांधलेली’ हे एकच विशेषण शंभर वर्षांच्या अंतरावर निरनिराळ्या अर्थांनी वापरले गेले आहे.

या स्थलांतराची खूण भाषेतही उमटते. बरगड्याच नसलेल्या होडीत बरगडीच्या शब्दाला काम नाही. फळीचा बाक मापून घेण्याच्या क्रिया, कण्यातील खाचेची नावे, जमिनीवर पूर्णाकृती रेखाटण्याचे शब्द हे सारे इंग्रजी सुतारी शब्दभांडार टाक्यांच्या होडीच्या सूचनापुस्तिकेतून गळून पडले आणि त्यांच्या जागी ‘पॅनल’, ‘टेप’, ‘फिलेट’ असे थोडेसे शब्द आले. कारागिराच्या हातातील क्रिया थांबली की तिचे नाव प्रथम तांत्रिक, मग ऐतिहासिक आणि शेवटी कोशगत होते. पठाण, नाळ, वाक या कोकणातील शब्दांचेही भवितव्य काचतंतूंच्या होड्या वाढत चालल्या असता याहून निराळे राहील, असे मानण्यास आधार नाही. ज्या पिढीने हे शब्द काम करताना वापरले तिच्याकडून ते क्रियेसह नोंदवून घेणे हे काम म्हणूनच तातडीचे ठरते. केवळ शब्दांची यादी त्यासाठी पुरेशी नाही. वाकाचे लाकूड कोठून निवडतात, ते कोणत्या क्रमाने बसवितात, तो बाक चुकल्यास होडी पाण्यात कशी वागते, हे शब्दाच्या अर्थाचेच भाग आहेत.

मात्र या इतिहासाची दुसरी बाजू न मांडणे अन्यायाचे होईल. पूर्वी शिडाची होडी बाळगणे हे बंदरातील श्रमिकाच्या अथवा संपन्न मनुष्याच्या नशिबी असे. मिररने व तिच्या जातीच्या होड्यांनी ती कारकुनाच्या, शिक्षकाच्या व शाळकरी मुलाच्या आवाक्यात आणली. जुळणी का होईना, ती स्वतःच्या हाताने करणारा मनुष्य होडीच्या आतल्या रचनेला ओळखतो व तिची दुरुस्ती स्वतः करू शकतो; तयार होडी विकत घेणाऱ्याला हे ज्ञान नसते. त्यांतील काहीजण पुढे आराखड्याच्या प्रश्नाकडे वळले आणि जुन्या शार्पीचे प्रमाण का टिकले याचा शोध घेऊ लागले. चॅपेल यांनी जतन केलेली मापे या लोकांना उपयोगी पडली. संग्रहालयासाठी केलेले इतिहाससंशोधन जिवंत कारागिरीच्या कामी आले, असे हे एक उदाहरण होय. आणि लहान होड्यांची मापे, नावे व बांधणीचे क्रम वेळीच नोंदविण्याचे प्रयोजनही त्यातूनच सिद्ध होते.